वीस प्रश्न आणि एक चिठ्ठी

तुम्ही कॉलेजात असाल, तर वर्षातून एकदा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येऊन पडते. सोबत सरांचा किंवा मॅडमचा मेसेज : ‘सर्वांनी आजच फॉर्म भरावा, नॅकचं काम आहे.’ तुम्ही तो एसटीत, मेसमध्ये नाहीतर मागच्या बाकावर बसून भरता. शिक्षक तयारी करून येतात का? सगळ्यात वरचा पर्याय. नीट समजावून सांगतात का? सगळ्यात वरचा. दीड मिनिटात काम संपतं. त्या फॉर्मचं पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारतही नाही.

मी भडगावला इतिहास शिकवतो, म्हणजे त्या लिंकच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. गिरणाकाठचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला कापूस, केळी, लिंबू. वर्गातली बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात, वर्गात मराठी ऐकतात आणि फॉर्म इंग्रजीत भरतात. इतिहासवाल्याच्या हातात कुठलाही कागद पडला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा कुणी लिहिला, आणि कुणी वाचावा म्हणून लिहिला? तोच प्रश्न मी या फॉर्मला लावून पाहिला, आणि उत्तर शोधता शोधता दीडशे वर्षं मागे गेलो.

शिक्षकाबद्दलचं मत कागदावर लिहून ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. फक्त ते मत मुलांचं नसायचं. जुन्या मराठी शाळांतून शेरेबुक असे. शाळा तपासायला डिपोटी येत, मुलांना वाचायला लावत, पाढे विचारत, आणि जाताना शेरेबुकात चार ओळी लिहून जात. त्या चार ओळींवर मास्तरांची बढती, बदली, कधी कधी अब्रूही अवलंबून असे. साहेब येणार म्हटलं की शाळा सारवली जाई, हुशार पोरं पुढच्या रांगेत येत आणि ज्याला काही येत नाही त्याला ‘उद्या आला नाहीस तरी चालेल’ असं हळूच सांगितलं जाई. आजही कॉलेजात बाहेरची समिती यायची असली की भिंतींना रंग लागतो. परंपरा टिकवण्यात आपण हयगय करत नाही.

या तपासणीला पैशाचीही जोड होती. इंग्लंडात १८६२ साली एक पद्धत सुरू झाली : तपासनीस मुलांची वाचन, लेखन, गणित अशी परीक्षा घेणार आणि जितकी मुलं पास, तितकं शाळेला अनुदान. ‘निकालावर पैसे’ म्हणा. त्याच दशकात ती मुंबई इलाख्यात आली आणि अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांना लागू झाली. कागदावर तर्क चोख वाटतो. मुलगा शिकला की नाही ते बघा आणि त्यावरून मास्तर कसा आहे ते ठरवा. पण या व्यवहारात मुलगा पुरावा म्हणून उभा असतो. त्याला काय कळलं नाही, का कळलं नाही, हे विचारायची जागाच त्यात नाही. विचारलं तर शाळेचे पैसे जायचे.

ही मेख महात्मा फुल्यांनी बरोबर ओळखली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं, की ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्यांच्यासाठी ही निकालाची पद्धत मुळीच उपयोगाची नाही. अशा वस्तीत शाळा काढून मास्तराचं पोटच भरणार नाही. म्हणजे ज्या वर्गात शिकवणं सगळ्यात अवघड, तिथे शिकवणाऱ्यालाच सगळ्यात कमी मोबदला. पुढे १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात कर्झनच्या सरकारनेही या पद्धतीला रजा दिली. तोवर जवळपास चार दशकं गेली होती.

याच काळात खुद्द भडगावात एक वेगळीच ‘शाळा’ चालू होती. १८६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने इथे नमुन्याची शेती काढली होती; १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. हेतू असा की सुधारलेली शेती कशी करायची हे सरकार दाखवणार आणि ते पाहून खानदेशी शेतकरी शिकणार. अशा शेतांनी सरकारला अहवाल भरपूर दिले, आसपासच्या शेतकऱ्यांना मात्र फारसं काही दिलं नाही. १८८९ च्या शेवटी जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानातली शेती सुधारण्याचे उपाय सुचवण्यासाठी इथे आला. तो वर्षभराहून जास्त काळ देशभर फिरला, आणि १८९३ मध्ये छापलेल्या अहवालात त्याने सरकारला न आवडणारी गोष्ट लिहिली : इथला चांगला शेतकरी इंग्लंडातल्या शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसही आहे, त्याला शिकवायला जाण्याआधी तो काय करतो आणि का करतो ते समजून घ्या. माझ्या दृष्टीने हा आपल्या इतिहासातला एक उत्तम फीडबॅक आहे. तो ज्यांच्याकडून मिळवला त्या शेतकऱ्यांपुढे कुणी फॉर्म ठेवला नव्हता. एक माणूस बांधावर गेला आणि त्याने पाहिलं, विचारलं, ऐकलं.

आता भडगावहून पारोळामार्गे अमळनेरला चला. १९२४ च्या जूनमध्ये तिथल्या हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रताप हायस्कुलात, पांडुरंग सदाशिव साने नावाचा पंचविशीही न गाठलेला शिक्षक रुजू झाला. त्याआधी तो गावातल्याच तत्त्वज्ञान मंदिरात होता, पण तिथे रमला नव्हता. साने गुरुजींची अमळनेरची सहा वर्षं आपण बहुधा भाबडेपणाने आठवतो. ते छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडत, कपडे आवरून ठेवत, मुलांची सेवा करत. हे खरंच आहे. पण शिक्षक म्हणून मला त्यांचा दुसरा उद्योग जास्त महत्त्वाचा वाटतो. गुरुजी छात्रालयाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! दिवसभर शिकवायचं, रात्री बसून हाताने मजकूर लिहायचा आणि सकाळी तो मुलांसमोर ठेवायचा. त्यात गोष्टी, चरित्रं, जगातल्या घडामोडी आणि छात्रालयातल्या रोजच्या जगण्यावरची टिपणं असत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं.

या दैनिकाकडे आजच्या भाषेत पाहिलं तर काय दिसतं? काल मुलांचं काय बिनसलं, कशाने त्यांचे डोळे चमकले, कुणाचं मन घरी अडकलंय हे बघायचं आणि त्याला उत्तर आजच द्यायचं. पाहणं आणि बदलणं यांत एका रात्रीचं अंतर. हे शक्य झालं कारण पाहणारा, लिहिणारा आणि उद्या पुन्हा त्याच मुलांसमोर उभा राहणारा माणूस एकच होता.

गुरुजींच्या भक्तांना आवडणार नाही, पण इथे एक शंका काढून ठेवतो. दैनिक लिहीत होते गुरुजी. मुलं वाचत होती. ज्याच्यावर मुलांचं इतकं प्रेम, त्याला ‘गुरुजी, आजचा धडा कंटाळवाणा झाला’ असं कोण सांगणार? धाकाने तोंड बंद होतं तसं भक्तीनेही होतं. आमच्या भागात हे अजून दिसतं. आवडत्या सरांविषयी मुलं चकार शब्द काढत नाहीत आणि नावडत्या सरांविषयीही काढत नाहीत. कारणं वेगळी, कागद तेवढाच कोरा. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले आणि अमळनेरचा तो प्रयोग थांबला.

गंमत अशी की गुरुजी अमळनेरला असतानाच, त्याच दशकात, अमेरिकेत आजच्या फॉर्मचा पणजोबा जन्माला येत होता. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स नावाचा मानसशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांकडून प्राध्यापकांना गुण द्यायची मोजपट्टी तयार करत होता. विषयाची आवड, गुण देण्यातली निःपक्षता, विनोदबुद्धी, इतकंच काय, प्राध्यापकाचं राहणीमान आणि पेहराव यांनाही त्यात जागा होती. सुरुवातीचा हेतू साधा होता : शिकवणाऱ्याला आरसा दाखवणं. पुढे विद्यापीठं मोठी झाली, नेमणुका आणि बढत्यांचे हिशेब आले आणि आरशाचं मापपत्र झालं.

त्याहून जुनी पद्धत हवी असेल तर इटलीतल्या बोलोन्याला जावं लागेल. मध्ययुगात तिथे विद्यार्थ्यांच्या संघटना इतक्या बलवान होत्या की तास उशिरा सुरू केला किंवा वेळेपेक्षा लांबवला तर प्राध्यापकाला दंड होई. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही आले नाहीत, तर तो गैरहजर होता असं धरून दंड! हे वर्गात सांगितलं की पोरं टाळ्या वाजवतात. प्राध्यापकांच्या खोलीत सांगून पाहिलं. तिथे विषय बदलला गेला.

आपल्याकडे फॉर्म आला तो वरून, धोरणाच्या वाटेने. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या मूल्यमापनाची खुली, सहभागाची आणि माहितीवर आधारलेली व्यवस्था उभी करू असं वचन होतं. १९९४ मध्ये बंगळूरुला राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे आपलं नॅक, स्थापन झालं. मधल्या काळात, १५ ऑगस्ट १९९० रोजी, खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठापासून वेगळी होऊन जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली आली. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. नॅककडून श्रेणी घेतलेल्या कॉलेजांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पुढे आहे, आणि श्रेणी हवी तर विद्यार्थ्यांचं मत गोळा केल्याचा पुरावा हवा. २०१७ च्या नव्या चौकटीत नॅकने स्वतःच विद्यार्थी समाधान सर्वेक्षण सुरू केलं. मुलांना थेट ईमेल जातो. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि शेवटी एकविसावा : शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा. कॉलेजातल्या निदान दहा टक्के किंवा शंभर विद्यार्थ्यांची उत्तरं आली, यांपैकी जो आकडा लहान तो, की काम झालं.

त्यातला पहिलाच प्रश्न बघा : वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला? ‘८५ ते १०० टक्के’ म्हटलं की चार गुण. विसावा प्रश्न : किती टक्के शिक्षक शिकवताना प्रोजेक्टरसारखी साधनं वापरतात? हे प्रश्न चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. अर्धाच अभ्यासक्रम शिकवून परीक्षेला पाठवणारे महाभाग आहेत, आणि मुलांना त्याविरुद्ध तोंड उघडायची एक जागा मिळाली, हे कमी नाही. पण हे प्रश्न विचारतंय कोण आणि वाचतंय कोण? विचारणारी संस्था बंगळूरुची. उत्तराची सरासरी निघणार, श्रेणीत मिसळणार. ‘माले ते प्रकरण समजनं नही’ हे वाक्य सरासरीत कुठे बसवणार? कॉलेजं स्वतःचे वेगळे फॉर्मही घेतात. पण ते बहुधा वर्ष सरताना. म्हणजे ज्यांनी तक्रार केली ती पोरं निघून गेलेली, आणि सुधारणा झालीच तर तिचा फायदा दुसऱ्यांना. त्यात गुगल फॉर्मवर ईमेल नोंदवला जातो आणि अंतर्गत गुण त्याच सरांच्या हातात असतात. अशा वेळी सगळ्यात वरचा पर्याय निवडणारा मुलगा खोटारडा नाही, तो हिशेबी आहे. शेरेबुकाच्या दिवशी पुढच्या रांगेत बसवलेल्या पोराचा तो पणतू.

बरं, मुलांनी मनापासून गुण दिले तरी ते नेमकं काय मोजतात? १९७० मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ बनवून उभं केलं. विषय गणितातल्या एका सिद्धान्ताचा वैद्यकीय शिक्षणात उपयोग. नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाषण मुद्दाम गोलमाल, परस्परविरोधी, पण हजरजबाबी आणि रुबाबदार. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातले लोक. त्यांनी चांगले गुण दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला नॉर्थ कॅरोलायनातला एक छोटा प्रयोग त्याहून टोचणारा आहे. ऑनलाइन वर्ग, शिक्षकाचा चेहरा दिसत नाही. एक पुरुष आणि एक स्त्री शिक्षक; दोघांनी काही गटांना खऱ्या ओळखीने आणि काहींना एकमेकांच्या ओळखीने शिकवलं. ज्याला मुलं पुरुष समजत होती त्याला जास्त गुण. तपासलेले पेपर दोघांनी एकाच वेळी परत दिले होते, तरी ‘वेळेवर देतात’ या प्रश्नातही ‘बाई’ मागे. आमच्याकडच्या मॅडमना हे कळायला नॉर्थ कॅरोलायनाची गरज नाही.

तरीही विचारणं सोडून द्यावं असं मला वाटत नाही. पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. सत्राच्या मध्यावर मुलांची मतं शिक्षकाला दिली तर शिकवणं थोडं सुधारतं. आणि नुसते आकडे हातात न ठेवता कुणी जाणत्या माणसाने त्याच्याशी बसून त्यावर बोलणं केलं, तर बरंच जास्त सुधारतं, असं त्यात दिसलं. सत्राच्या मध्यावर, आणि माणसाशी बोलून. अमळनेरच्या छात्रालयात यातली पहिली गोष्ट रोज होत होती.

शिवाय मत नेहमी शब्दांतच येतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांनी एकही फॉर्म भरून दिला नव्हता. मुलं शाळेत येत नव्हती, एवढंच. ती गुरं चारायला जात. बाईंनी ती गैरहजेरी नीट वाचली आणि शाळा उचलून कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. आमच्या हजेरीपटावरही कापूस वेचणीच्या दिवसांत रिकाम्या रांगा दिसतात. बोलोन्यात या रिकाम्या रांगांचा दंड प्राध्यापकाला व्हायचा. आपल्याकडे मुलालाच होतो, पंचाहत्तर टक्क्यांच्या नियमाने.

माझ्यापुरतं मी फॉर्मच्या जोडीला एक जुनाट साधन घेतलं आहे. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९८९ मध्ये त्यावर लिहिलं होतं. तासाची शेवटची तीन-चार मिनिटं शिल्लक ठेवायची, वहीचं पान फाडायला सांगायचं आणि एकच प्रश्न विचारायचा : आज सगळ्यात जास्त गढूळ काय राहिलं? नाव लिहायचं नाही. मी भर घालतो, कुठल्याही भाषेत लिहा. पहिल्या एक-दोन वेळा ‘सर छान शिकवता’ अशाच चिठ्ठ्या येतात. तिसऱ्या वेळेला, मागच्या चिठ्ठ्यांवरून सरांनी खरंच काहीतरी बदललं हे दिसल्यावर, मुलं लिहायला लागतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्याही मी पाहिल्या आहेत.

एकदा ढीगभर चिठ्ठ्यांत गढूळ काय याचं उत्तरच नव्हतं. ‘शेवटचा तास असतो, गाडी निघून जाते, म्हणून लक्ष घड्याळाकडे.’ वीस प्रश्नांत एसटीला जागा नाही. तो तास दुपारकडे सरकवून घ्यायला वेळापत्रकवाल्या सहकाऱ्याशी दोन आठवडे हुज्जत घालावी लागली.

आणि १८५७ शिकवून झालं त्या दिवशीची एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी असं सगळं झालं होतं. चिठ्ठीत अहिराणीत एकच प्रश्न होता, आपल्याकडे काय झालं तेव्हा? तालुक्यात भिल्ल वस्त्या बऱ्याच आहेत. लिहिणारा किंवा लिहिणारी तिथली असेल, नसेल, मी शोधायला गेलो नाही. पुढच्या तासाला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्यापासून सुरुवात केली. ११ एप्रिल १८५८ ची सातपुड्यातली अंबापाणीची लढाई, त्यात पकडलेल्या भिल्ल स्त्रिया, आणि त्याच्या सहा वर्षं आधी, १८५२ मध्ये, सरकारी जमीन मोजणीविरुद्ध एरंडोल, सावदा, फैजपूरकडे उठलेले शेतकरी. एरंडोल म्हणजे आमचा शेजारचाच तालुका. तास संपला तरी कुणी उठेना, म्हणून आणखी एक तास त्यालाच दिला. शेवटचं प्रकरण त्यामुळे घाईत उरकावं लागलं.

त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये, ‘अभ्यासक्रम किती शिकवून झाला’ या पहिल्या प्रश्नाला, काही मुलांनी वरून दुसरा पर्याय निवडला होता : ७० ते ८४ टक्के.